वाचक विचारतात: नौदलातली कुत्री

प्रश्न: जहाजांवर, छावण्यांत कुत्री नुसती करमणुकीला पाळत, की त्यांची सरकारदरबारी नोंदही होई?

उत्तर: बहुतेकांची होत नसे. पण दक्षिण आफ्रिकेतल्या सायमन्स टाउनचा 'जस्ट न्यूसन्स' हा ग्रेट डेन जातीचा कुत्रा १९३९मध्ये ब्रिटिश नौदलात रीतसर भरती झाला. कारण शौर्य नव्हे, रेल्वे! हा पठ्ठ्या खलाशांबरोबर विनातिकीट फिरे आणि रेल्वेवाले वैतागून त्याला मारायला निघाले होते. खलाशी म्हणून नोंद होताच प्रवास फुकट. कागदावर त्याचा व्यवसाय काय लिहिला? 'हाडं फोडणारा'! समुद्रावर मात्र स्वारी कधी गेली नाही. १९४४मध्ये त्याला लष्करी इतमामात पुरलं.

माझं मत विचाराल, तर खरी कर्तबगारी ज्युडीची. ही पॉइंटर जातीची कुत्री 'ग्रासहॉपर' या युद्धनौकेवर होती. १९४२मध्ये जहाज बुडालं, वाचलेले लोक निर्जन बेटावर तहानेनं कासावीस झाले, तेव्हा गोडं पाणी तिनं शोधून दिलं. पुढे सुमात्रात जपान्यांच्या कैदेत तिची युद्धकैदी म्हणून नोंद झाली. १९४६मध्ये तिला डिकिन पदक मिळालं. व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान; प्राण्यांचा व्हिक्टोरिया क्रॉसच तो.