आधी क्रॅम्बिन, मग बाकीचं

घडी पडलेल्या प्रोटीनमध्ये कोणते रेसिड्यू (साखळीतली अमिनो आम्लं) एकमेकांजवळ येतात, त्या जोड्यांची यादी काढणारा प्रोग्राम कुठून सुरू करू, असं विचारलंस ना? पावसात रत्नागिरीत वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा अजस्र प्रोटीनला हात घालू नकोस. क्रॅम्बिन हे छोटं प्रोटीन घे, पीडीबीत (प्रोटीनच्या रचनांचा संग्रह) त्याचा संकेत १सीआरएन. अवघे ४६ रेसिड्यू, कागदावरसुद्धा पडताळता येतात.

अंतर कशाचं मोजतेयस ते ठरव. सी-अल्फा (रेसिड्यूचा मधला कार्बन) किंवा सी-बीटा (त्याला जोडलेला, बाजूच्या शाखेचा पहिला कार्बन) असेल तर जोडी जवळची मानायची मर्यादा सहसा ८ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). हायड्रोजन सोडून बाकी अणूंमधलं किमान अंतर असेल तर साधारण ४.५. सरमिसळ नको. आणि ग्लायसीनला सी-बीटा नसतो! माझा पहिला प्रोग्राम तिथेच आपटला होता.

साखळीतले लगतचे शेजारी वगळ, ते गडग्याला गडगा लागून असलेल्या घरांसारखे जवळ असणारच.

मग ३ आणि ४० क्रमांकाची सिस्टीनं (गंधक असलेली अमिनो आम्लं) बघ. त्यांच्या गंधकांना जोडणारा डायसल्फाइड बंध आहे, गंधक-गंधक अंतर जेमतेम २ अँगस्ट्रॉम. ही जोडी यादीत नसेल तर कोड चुकलाय.

हायड्रोजन बंधांचे कोन नंतर बघू. अडलीस तर यादी पाठव.