नऊ वर्षांच्या मुलाला मरळ, शिंगाड्यासारखे मोठे शिकारी मासे धरायचे आहेत. कोणता रॉड आणि रीळ घ्यावं?

तुम्ही विचारलंय, मासा मोठा म्हणजे रॉडही मोठाच लागेल ना? दुकानातही बहुतेक तेच सांगतील. माझं उत्तर नाही असं आहे. रॉड मुलाच्या हाताच्या मापाचा घ्या. माशाची ताकद सांभाळायचं काम रीळ करतं.

माझी मुलगी दहा वर्षांची असताना मी तिला नऊ फुटी जाड रॉड आणि त्याला शोभेल असं दणकट रीळ घेऊन दिलं. टेंभुर्णीच्या बाजूने उजनी धरणाच्या पाण्यावर गेलो. अर्ध्या तासात तिचं मनगट भरून आलं, रॉडचं टोक पाण्याला टेकायला लागलं आणि मरळीने आमिष उचललं तेव्हा तिला झटका देताच आला नाही. मासा सुटला त्याचं काही नाही. पण घरी येईपर्यंत पोरगी गप्प होती आणि जेवताना म्हणाली, "मला नाही जमत बाबा." ते मला फार लागलं. तिला जमत होतं, चुकीची वस्तू मी तिच्या हातात दिली होती.

म्हणून दुकानात मुलाला सोबतच न्या. साडेपाच ते सहा फुटी, मध्यम ताकदीचा, फायबरचा रॉड घ्या. कार्बनचा हलका असतो, पण गाडीवरून नेताना, दगडावर आपटताना लवकर तडकतो. त्यावर ३००० नंबरचं साधं स्पिनिंग रीळ पुरे. रीळ बसवून रॉड मुलाच्या हातात द्या, जमिनीला समांतर धरायला सांगा आणि मनातल्या मनात साठपर्यंत मोजा. त्याआधीच टोक खाली झुकलं तर तो रॉड त्याचा नाही. मुलगा डावखुरा असेल तर रिळाचा दांडा दुसऱ्या बाजूला लावून घ्या. आणि कार्टूनची चित्रं असलेले तीन फुटी सेट नका घेऊ. चिलापीसारख्या छोट्या माशाला ते ठीक, पण दोन किलोची मरळ पाणवनस्पतीत घुसली की त्यांचं काही चालत नाही.

दोरी म्हणाल तर ०.३५ मिलिमीटरचा तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध दोरी, भरा. विणलेली दोरी बारीक आणि मजबूत असते खरी, पण मासा ओढत असताना मुलाने ती बोटाने धरली तर बोट कापतं. तंगूस थोडा ताणतो, मुलाचे आडवेतिडवे झटके पोटात घेतो. मरळीला दात असतात, म्हणून गळाच्या आधी हातभर ०.६० चा जाड तंगूस जोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ड्रॅग. रिळाच्या पुढे जो फिरवायचा नॉब असतो तो. आतल्या चकत्या किती घट्ट बसाव्यात हे त्यावर ठरतं. मासा त्यापेक्षा जोरात ओढायला लागला की रीळ आपणहून दोरी सोडतं, त्यामुळे दोरी तुटत नाही आणि मूलही पुढे ओढलं जात नाही. घरी पिशवी तोलायचा हुकाचा काटा असेल तर दोरीचं टोक त्याला बांधा, मुलाला रॉड धरायला सांगा आणि काटा हळूहळू ओढा. दोन किलोच्या आसपास रीळ 'कर्रर्र' करत सुटायला हवं. हा आवाज मुलाला घरातच ओळखीचा करून द्या, नाहीतर पाण्यावर तो ऐकून मूल घाबरतं आणि नॉब आवळत बसतं. दोरी जात असेल तर जाऊ दे, मासा थांबला की गुंडाळ, एवढंच शिकवा.

तीन टोकांचे गळ लावलेली आमिषं मुलाच्या हातात देऊ नका. एकेरी गळ लावा आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. बोटात किंवा कानात रुतला तरी सरळ बाहेर येतो. मरळीसाठी रबरी बेडूक उत्तम. त्याचे गळ पाठीला चिकटून असतात, शेवाळात अडकत नाहीत. शिंगाड्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांजवळ टणक काटे असतात. तो मासा तुम्हीच हाताळा, लांब तोंडाच्या पक्कडीने गळ काढा.

पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा थवा खळबळताना दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली मरळीची जोडी राखण करत असते; ती उचलली की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. मुलाला हा थवा जरूर दाखवा. माझ्या मुलीने तासभर रॉड बाजूला ठेवून तो पाहिला होता.

उजनी असो की सोलापूरजवळचा हिप्परगा तलाव, मासेमारीची परवानगी कोण देतं ते विचारून ती घ्या. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या तळ्यात गळ टाकायचा नाही, ते देवाचं पाणी आहे. उजनीचा काठ काळ्या गाळाचा, पाय घसरला की सावरत नाही, म्हणून वजनानुसार मापाचं लाईफ जॅकेट काठावरसुद्धा घालायचं. मे २०२४ मध्ये उजनीच्याच पाण्यात, कुगाव-कळाशी गावांच्या मध्ये, वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. वळवाचं आभाळ भरलं की रॉड आडवा ठेवायचा आणि गाडीत बसायचं.

उजनीला जायच्या आधी दोन-तीन रविवार पहाटे मोकळ्या मैदानावर जा. गळाऐवजी लोखंडी नट बांधा, पंधरा पावलांवर बादली ठेवा. तुम्ही त्याच्या मागे नाही, बाजूला दोन हात लांब उभे राहा. तीनदा नट बादलीजवळ पडला की पाण्यावर न्या.