गोळी अर्धी करू नका

वडिलांना मधुमेह आणि बीपी आहे. महिन्याला अडीच हजारांची औषधं लागतात, विमा नाही. हल्ली ते एक दिवसाआड गोळी घेतात आणि 'मला काही होत नाही' म्हणतात. (एक वाचक, बार्शी)

आज रात्रीपासून गोळ्या रोजच्या रोज सुरू करा, पैशांचं उद्या बघू. बीपी वाढलेलं असतानाही माणसाला बरंच वाटत असतं, घात तिथेच होतो. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करताना एका आजोबांच्या पिशवीत मला वर्तमानपत्राची पुडी दिसली होती. आत विळीवर कापलेल्या गोळ्या, कडा चुरलेल्या. महिनाभराच्या गोळ्या त्यांनी दोन महिने पुरवल्या होत्या. अर्धांगाचा झटका आल्यावर त्यांना आणलं होतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगरच्या गोळ्या मोफत मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरलाही पैसे लागत नाहीत. तिथला साठा संपला असेल तर जन औषधी केंद्र, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांचं सरकारी योजनेतलं दुकान गाठा. मात्र आधी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहून घ्या. एका गोळीत दोन औषधं असतील तर बदली गोळी स्वतःच्या मनाने ठरवू नका.

नवरा रिक्षा चालवतो. त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलंय. दागिने मोडू का? (अंबाजोगाई)

ताई, मोडू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पूर्वी पिवळं किंवा केशरी कार्ड लागायचं, आता पांढरं कार्डही चालतं. योजनेत असलेल्याच रुग्णालयात जा आणि पहिल्या डायलिसिसच्या आधी आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाच्या) टेबलाशी जा, नंतर नको.

अडतं ते बहुतेक कागदावर. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, नाहीतर रेशनकार्डात नावच नाही. हे आजच तपासा, चूक असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत दुरुस्त करून घ्या. 'योजनेत बसत नाही' असं कोणी तोंडी सांगितलं, तर कारण लेखी मागा आणि तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर फोन लावा.

शक्यतो जवळचं केंद्र निवडा. चार तास मशीनवर बसून आलेल्या माणसाला पुढचा लांबचा प्रवास झेपत नाही आणि मग डायलिसिसची एक पाळी चुकते. पाळी चुकली की पाणी फुफ्फुसात साठतं, रात्री आडवं होता येत नाही. ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) केला असेल, त्या हातावर बीपी मोजू देऊ नका, सुईही टोचू देऊ नका. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे, आगारात चौकशी करा.

आजार निघाल्यावर आता विमा काढून उपयोग आहे का? (नाशिक)

आहे, पण लगेच नाही. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबायला लावू शकते. अर्जात आजार लपवू नका, दावा नेमका त्यावरूनच नाकारतात. घरात ७० वर्षांवरचं कोणी असेल तर त्यांचं केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं आयुष्मान कार्ड आधी काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही.

पुण्यातल्या मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयाने बहिणीला दाखल करायला डिपॉझिट मागितलं. आम्ही कुठून आणणार?

ट्रस्टच्या अशा धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्याच लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही योजना लागू केली. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर सवलत. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी अडवता येत नाही. ही मेहेरबानी नाही, त्या खाटा तुमच्या हक्काच्या आहेत. तेव्हा काउंटरवर विनवण्या करत उभं राहू नका. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन थेट तिथल्या समाजसेवकाकडे जा, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. खाट नाही म्हणाले तर ती पोच घेऊन धर्मादाय आयुक्त कार्यालयात जा.