दुबईला निघालेल्या नाशिकच्या शिक्षिकेला

तुझा प्रश्न दोनदा वाचला. गंगापूर रोडच्या केंब्रिज अभ्यासक्रमाच्या शाळेत दहा वर्षं शिकवतेस, आता कोऑर्डिनेटर आहेस, मुलगा पहिलीत आहे. दुबईत जाऊन पुढेमागे एखाद्या इंटरनॅशनल शाळेची प्रिन्सिपल व्हायचंय. 'ताई, तिथवर पोचायचं कसं, आणि मुलाचं काय होतं?' व्हिसा, भाडं, इन्शुरन्स हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही. मी २०११ मध्ये नाशिक सोडलं तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. तुझ्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याने झोप उडवली म्हणून लिहायला बसलेय, तेव्हा थोडं भरकटेल.

आधी कागद. माझी बी.एस्सी. माहेरच्या नावावर, बी.एड. सासरच्या, पासपोर्टवर मध्ये ह्यांचं नाव आणि मार्कशीटवर आडनाव आधी. तिकडच्या एचआरच्या बाईंना वाटलं, ह्या तीन वेगवेगळ्या बायका आहेत. लग्नानंतर राजपत्रात नाव छापून घ्यायचं मी आळसाने राहू दिलं होतं, ते ऐन वेळी केलं. एकाच शिक्क्यावर कागद परदेशात चालतो त्या अपोस्टिलच्या करारात भारत २००५ पासून आहे, पण अमिराती तेव्हा नव्हती, म्हणून एका शिक्क्यावर भागलं नाही. विद्यापीठाची पडताळणी, मग मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग त्यांचा दूतावास, आणि तिकडे उतरल्यावर पुन्हा त्यांचं परराष्ट्र खातं. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत, असं चारदा केलं. तिसऱ्या खेपेला एका खिडकीवर पदवीच्या पाठीवर शिक्का उलटा बसला. 'चालतंय मॅडम,' म्हणाला. चाललं, पण तो उलटा शिक्का दिसला की अजून डोकं फिरतं. तुझी बी.एड. २०१३ची म्हणतेस, म्हणजे तिच्यावर नुसतं 'पुणे विद्यापीठ' असणार. सावित्रीबाईंचं नाव २०१४ मध्ये लागलं. नाव बदलल्याचा कागद जवळ असू दे.

आणि मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तिथेच उभ्या उभ्या वाच. माझ्या मुलीच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी बरोबर आणि अक्षरी चूक. शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी झाल्यावर लक्षात आलं! पुन्हा पहिल्यापासून. त्यात इकडची पहिली एप्रिलमध्ये संपली आणि तिकडची शाळा सप्टेंबरमध्ये उघडली. चार महिने पोर घरात, बाहेर चव्वेचाळीस डिग्री.

आता मार्ग. शिक्षक, कोऑर्डिनेटर, व्हाइस प्रिन्सिपल, मग एखाद्या विभागाची प्रिन्सिपल, मग हेड. कागदावर जिना सरळ दिसतो. करार बहुधा दोन वर्षांचा, आणि भरतीचा हंगाम आपल्या दिवाळीच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे करंज्या तळता तळता मुलाखत द्यायची तयारी ठेव. कोऑर्डिनेटरपर्यंत आपल्याला कोणी अडवत नाही. त्याच्यावर पासपोर्टचा रंग आडवा येतो. एका शाळेत मला तोंडावर सांगितलं की पालकांना 'वेगळा चेहरा' अपेक्षित आहे. त्याच कामाला दुसऱ्या पासपोर्टवर जास्त पगार मिळताना मी पाहिलाय. भांडून उपयोग नाही, शाळा बदलायची. मी तीन बदलल्या. हेड झाल्यावर शिकवणं संपतं हेही आत्ताच ऐकून ठेव. बसला उशीर का झाला, कॅन्टीनच्या समोशात काय होतं, सरकारी तपासणीचा शेरा 'उत्कृष्ट' येणार का, कारण त्या शेऱ्यावर फी किती वाढवता येते ते ठरायचं. दिवस असा जातो.

मुलाखतीत 'तुमचं शिक्षणाचं तत्त्वज्ञान काय?' हे विचारतातच. मी पाठ करून गेले होते. १९२४ साली जिनिव्हात लीग ऑफ नेशन्समधल्या नोकरदारांच्या मुलांसाठी निघालेली शाळा, १९६८ मधली आयबीची, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटची स्थापना, जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि त्याच्या विचारातून उभी राहिलेली युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस, त्यातलं एक तर १९९७ पासून आपल्या मुळशीत आहे. समोरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'तुमचं चुकलं असं एखादं मूल सांगा.' मी पंचवटीतल्या माझ्या पहिल्या शाळेतला एक मुलगा सांगितला. दर बुधवारी गैरहजर. मी दर बुधवारी लाल शेरा मारायचे, एकदा बापाला बोलावून सगळ्यांदेखत झापलं. पोरगा गोदावरीकाठच्या बुधवारच्या बाजारात बापाच्या भाजीच्या पाटीवर बसायचा, हे मला तो शाळा सोडून गेल्यावर कळलं. बुधवारचा पाठ गुरुवारी पुन्हा घ्यायला मला काय झालं होतं? नोकरी मिळाली. त्या पोराचं मी भांडवल केलं, असं अजून अधूनमधून वाटतं.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. कामाला लागलं की जातो. दुबईत मराठी माणसं आहेत, गणपती बसतो, चिवडाही मिळतो. झालं.

मुलाचं सांगते. आयबी शाळेला भाषेचं धोरण लेखी ठेवावं लागतं आणि त्यात मातृभाषा कशी जपणार हेही लिहावं लागतं. आमच्या शाळेचं ते धोरण मी लिहिलं. पालकसभेत स्लाइड लावून सांगितलं की घरची भाषा पक्की असेल तर दुसरी लवकर येते, घरी इंग्रजी बोलू नका. टाळ्या पडल्या. शाळा सुटल्यावर मातृभाषांचे तास सुरू करायचे ठरलं, पण खोल्या कमी होत्या, म्हणून एका भाषेला निदान आठ मुलं हवीत असा नियम केला. मराठीची निघाली चार. त्यातली एक माझी. यादीतून मराठी कापणाऱ्या कागदावर सही माझी आहे. नियमही मीच सुचवला होता, कारण मी तेव्हा व्हाइस प्रिन्सिपलच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि स्वतःच्या मुलीसाठी वर्ग काढला असं कोणी म्हणायला नको होतं.

घरी शिकवीन म्हटलं. सहाला घरी यायचे, सातला फोन सुरू. ती अरबी शिकली, ती सक्तीची होती, फ्रेंच शिकली. आजीने फोनवर 'जेवलीस का गं?' विचारलं की म्हणायची, 'हो आजी, मी जेवला.' आम्ही हसायचो. आजीही हसायची. मग एके दिवशी तिने आजीशी बोलताना फोन माझ्या हातात द्यायला सुरुवात केली, आणि त्या दिवसापासून कोणी हसलं नाही.

आयबीच्या डिप्लोमात, म्हणजे अकरावी-बारावीत, सोय आहे: शाळेत न शिकवल्या जाणाऱ्या मातृभाषेचं साहित्य मूल स्वतः अभ्यासून परीक्षा देऊ शकतं. २०२१ मध्ये ती अकरावीला गेली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने पुढ्यात फॉर्म ठेवला. दोन ओळी वाचायला सांगितल्या. जोडाक्षरापाशी अडली, 'स्व' आणि 'स्त' यांत घोळ झाला, आणि तिने कागद शांतपणे उलटा करून ठेवला. 'आई, तुला आत्ता का हवंय हे?' चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

आयबीच्या ध्येयवाक्यात एक गोष्ट आहे, आपल्याहून वेगळी माणसंही बरोबर असू शकतात. मी ती हजारदा बोललेय, बहुतेक वेळा पालकांची समजूत काढायला. मुलगी आता नेदरलँड्सला शिकते, मजेत आहे, मराठी न येण्याचं तिला काडीचंही दुःख नाही. तिचं बरोबर असेलही. मला पटत नाही.

तू ये. नको म्हणायला मी कोण? हेड व्हायचं असेल तर हो, तुझ्यासारखी माणसं हवीत. फक्त येतानाच्या बॅगेचं ऐक. बालभारतीची पहिली ते चौथीची मराठीची पुस्तकं छापील घे. पीडीएफ मिळतात, पण त्या कोणी उघडत नाही. शाळेच्या पहिल्या महिन्यापासून रोज एक पान, तुझी मीटिंग असली तर त्याचा बाबा घेईल, पण घेईलच. वजन जास्त भरलं तर लोणच्याची बरणी काढ. लोणचं इथे कुठेही मिळतं.