घड्याळ खराब नाही, फोन कोनाड्यात आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिवाजी पेठेतलं जुनं दगडी घर, फोन सोप्यातल्या कोनाड्यात चार्जिंगला, तुम्ही स्वयंपाकघरात. मधे जेमतेम पंधरा फूट, तरी स्मार्ट घड्याळाचं ब्लूटूथ तुटतं. खोक्यावर १० मीटर लिहिलंय, मग घड्याळ बदलून घ्यावं का?

ताई, बदलायची घाई करू नका. आधी एक खात्री करून घ्या. फोन आणि घड्याळ एकाच खोलीत हातभर अंतरावर ठेवा, फोनची स्क्रीन बंद करा आणि अर्धा तास त्याला हात लावू नका. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून स्वतःला मेसेज पाठवा. तो घड्याळावर आला नाही, तर दोष अंतराचा नाही. बॅटरी वाचवायला बहुधा फोनच घड्याळाचं अ‍ॅप बंद करतोय. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरी पर्यायात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. शाओमी, ओप्पो, विवो असेल तर ऑटोस्टार्ट किंवा ऑटो लाँचही चालू करा. निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात असं माझं मत आहे.

मेसेज आला, तर मात्र प्रश्न भिंतीचा.

१० मीटर हा आकडा मोकळ्या जागेचा. गांधी मैदानात उभं राहिलात तर मिळेलही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि त्याची ताकद बहुधा काही मिलिवॅटच असते. अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौथाई राहतो, हे मोकळ्या हवेत. तुमच्याकडे मधे दीड-दोन फुटी काळ्या दगडाची भिंत आहे. पावसाळ्यात तिला ओल धरली की ती आणखी सिग्नल खाते, कारण पाणी या लहरी शोषून घेतं. आणि कोनाडा म्हणजे फोनच्या पाठीला आणि दोन्ही बाजूंना दगड! सिग्नलला बाहेर पडायला फक्त समोरचं तोंड उरतं, तेही बहुतेक रस्त्याच्या दाराकडे.

शरीरही पाण्याचंच. ओट्याकडे तोंड करून उभं राहिलं की घड्याळाचा हात पोटासमोर येतो आणि फोनच्या वाटेत तुमची पाठ. घड्याळ तुटलं की तिथेच उभं राहून फक्त सोप्याकडे तोंड करा आणि मिनिटभर थांबा. पुन्हा जोडलं गेलं, तर तुम्ही पल्ल्याच्या अगदी काठावर आहात आणि थोड्या फेरफाराने काम होईल.

तो फेरफार असा. जुन्या घरात सोपा, माजघर आणि स्वयंपाकघराची दारं बहुतेक एका रेषेत असतात. फोन कोनाड्यातून काढून त्या रेषेत, कमरेच्या उंचीच्या लाकडी स्टुलावर ठेवा. लहरी भिंतीतून जाण्यापेक्षा दारातून सहज जातात. लोखंडी कपाटावर किंवा त्याला टेकवून ठेवू नका. स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यांची मांडणी याच रेषेत येत असेल तर तीही आडवी येते. पत्रा सिग्नल शोषत नाही, परतवतो. त्याच्या मागे सावली पडते.

राउटर आणि फोनचा चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असतील तर फोन राउटरपासून किमान ३-४ फूट लांब न्या. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवली तर वायफाय त्या पट्ट्याचा जवळजवळ निम्मा भाग व्यापतं आणि ब्लूटूथला एका चॅनेलवरून दुसऱ्यावर उड्या मारायला जागा कमी पडते. मायक्रोवेव्ह चालू असतानाच तुटत असेल तर कारण तेच, तोही २.४ च्या आसपासच चालतो.

सिग्नलच्या ताकदीचा आकडाच बघायचा असेल तर ‘एनआरएफ कनेक्ट’ हे मोफत अ‍ॅप दुसऱ्या फोनवर घ्या. आधी तुमच्या फोनचं ब्लूटूथ बंद करा, कारण जोडलेलं घड्याळ सहसा यादीत दिसत नाही. घड्याळ हातात घालून ओट्यापाशी उभ्या राहा आणि घरातल्या कुणाला तरी तो फोन घेऊन सोप्यात फिरायला सांगा. अ‍ॅपमध्ये घड्याळाच्या नावापाशी हा आकडा उणे (dBm) दिसतो. उणे ७० पर्यंत निर्धास्त. उणे ८५ च्या खाली गेलं की तुटण्याची शक्यता बरीच. जिथे आकडा शून्याच्या सर्वात जवळ, तिथे फोनची जागा.

कॉलिंगचं घड्याळ असेल तर फोनच्या यादीत त्याची दोन नावं दिसू शकतात, एक मेसेजसाठी, एक कॉलसाठी. मेसेज हुकला तर पुन्हा पाठवता येतो, आवाज त्या क्षणीच पोचावा लागतो. म्हणून मेसेज येतात तिथेही बोलणं तुटतं. नव्याने जोडताना दोन्ही नावं ‘फर्गेट’ करा आणि सुरुवात घड्याळाच्या अ‍ॅपमधूनच करा. पूर्वी ते घरातल्या दुसऱ्या फोनला जोडलेलं असेल तर तिथूनही काढा, नाहीतर तो फोन मधेच ओढून घेतो.

वायफाय एक्स्टेंडर यासाठी विकत घेऊ नका. फक्त ब्लूटूथवर चालणाऱ्या घड्याळाला त्याचा काही उपयोग नाही. अ‍ॅपल वॉच किंवा गॅलेक्सी वॉचसारखं वायफाय असलेलं घड्याळ असेल, तर घरच्या वायफायला ते जोडून द्या. मग परड्यात गेलात तरी मेसेज येत राहतील. त्यातल्या जुन्या मॉडेलना फक्त २.४ चं नेटवर्क दिसतं, तेव्हा ते राउटरवर बंद केलेलं नाही ना, एवढं बघा.