क्लायंटला 'डाउट' सांगू नकोस

हिंजवडीत नवीन रुजू झालायस, आता परदेशी क्लायंटशी रोज बोलणं होईल. एक सवय आत्ताच लावून घे. काही विचारायचं असेल तर 'आय हॅव अ डाउट' म्हणू नकोस.

आपण शाळेपासून हात वर करून 'सर, शंका आहे' म्हणत आलोय. 'शंके'त प्रश्नही मावतो आणि संशयही. अमेरिकन किंवा ब्रिटिश माणसाला 'डाउट'मध्ये बहुतेक वेळा संशयच ऐकू येतो. त्याने रिलीजची तारीख सांगितली आणि तू लगेच 'आय हॅव अ डाउट' म्हणालास, तर त्याला वाटणार की तुझा त्या तारखेवर विश्वासच नाही. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हण, विषय संपला.

'आय डाउट इट' खुशाल वापर, पण खरंच 'मला नाही वाटत तसं होईल' असं म्हणायचं असेल तेव्हाच. आणि स्पेलिंगमधला 'बी' उच्चारायचा नाही; मूळ लॅटिन शब्दात तो होता म्हणून इंग्रजीत नंतर घुसवलाय.

टीममध्ये आपापसात 'डाउट' बिनधास्त चालू दे. भारतीय इंग्रजीत तो रुळलाय, त्याला सरसकट चूक म्हणणं मला पटत नाही. क्लायंटचा मेल मात्र पाठवण्याआधी एकदा तपासून घे.