पेब्रीन शिकून नोकरी लागेल का?

जालन्याहून एका वडिलांनी लिहिलंय, घरी तुती आहे, मुलगी टीवाय बीएससी झूऑलॉजीला आहे आणि तिला रेशीम अळीच्या पेब्रीन या रोगावर पुढे शिकायचंय, पण नातेवाईक म्हणतात बीएड कर, अळ्यांचे रोग शिकून कुठे नोकरी लागते का.

दादा, तुम्ही अंडीपुंज आणता ते रोगमुक्त आहेत हे कोण ठरवतं? ग्रेनेजमध्ये, म्हणजे रेशीम अंडी तयार करणाऱ्या केंद्रात, मादी पतंगानं अंडी घातली की तिला कुटून थेंबभर पाणी मायक्रोस्कोपखाली बघतात, पेब्रीन करणाऱ्या नोसेमा बॉम्बिसिसचे चमकणारे लंबगोल स्पोअर्स (बीजाणू) दिसले की तिची सगळी अंडी नष्ट करतात, कारण हा एकपेशीय परजीवी आईकडून अंड्यातूनच पिल्लात उतरतो आणि नंतर औषध मारून बॅच वाचवता येत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर १८६५ मध्ये फ्रान्समधल्या आलेसला गेला आणि पुढच्या काही वर्षांत त्यानं ही पद्धत बसवली, आजही आपल्याकडे मूळ तीच चालते. म्हणजे तुमची मुलगी जे शिकू म्हणतेय त्यावर तुमचंच पीक उभं आहे, हे नातेवाईकांना जरूर सांगा.

आणि हे फक्त रेशमापुरतं नाही. याच गटातला (मायक्रोस्पोरिडिया) ईएचपी हा परजीवी कोळंबीची वाढ खुंटवतो, तलाववाल्यांचं खाद्य वाया जातं, मधमाशीला वेगळा नोसेमा होतो. मात्र एक लक्षात ठेवा, सीआयएफईला (मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था) एमएफएससी, म्हणजे मत्स्यशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, करायची तर आधी बीएफएससी लागते, झूऑलॉजीच्या बीएससीवर ते जमत नाही, त्यामुळे कोळंबीची वाट तिला पुढे पीएचडीच्या वेळी बघावी लागेल.

आत्ता एमएससी झूऑलॉजी किंवा म्हैसूर विद्यापीठात रेशीमशास्त्र, म्हैसूरच्याच केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेचा पीजी डिप्लोमाही आहे. सोबत सीएसआयआर नेट ही राष्ट्रीय परीक्षा द्यायची, त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं, म्हणजे पीएचडी करताना तुमच्यावर भार नाही. सरकारी भरती दरवर्षी निघत नाही हेही खरं, म्हणून पीसीआर (डीएनएवरून जंतू ओळखायची चाचणी) आणि मायक्रोस्कोपीत हात बसवायलाच हवा, ते काम रोगनिदानाच्या लॅबमध्येही चालतं. बीएड नंतरही करता येतं, त्याची घाई नको.

या सुट्टीत तिला जिल्हा रेशीम कार्यालयात घेऊन जा, एखाद्या ग्रेनेजमध्ये थोडे दिवस बसू द्याल का असं विचारा. दिवसभर स्लाइडी बघूनही तिला परत जावंसं वाटलं तर एमएससीचा फॉर्म भरा.